पश्चिमेची भिंत

मागच्या महिन्यात एका जुन्या मित्राचा फोन आला. पूर्वी आम्ही एकाच प्रोजेक्टवर होतो, रिलीजच्या बऱ्याच रात्री एकत्र जागून काढल्या आहेत. म्हणाला, "तू इतिहासाचं काहीबाही लिहितोस ना? मला दीडशे शब्द लिहून दे. फ्रेम करून लावायचेत."

कुठे लावायचेत, तर मुळशीला. त्याच्या सासऱ्यांनी, म्हणजे काकांनी, २००६ साली मुळशी तलावाच्या काठावरच्या एका वाडीत दोन एकर जमीन घेतली. जमिनीबरोबर एक जुनं घरही आलं. बरीच वर्षं ते कुलूप लावून पडून होतं. मग काकांनी एका आर्किटेक्ट बाईंना गाठलं, दोन वर्षं काम चाललं, आणि आता तिथे शनिवार-रविवारी पाहुणे येऊन राहतात. पाहुण्यांना वाचायला ओटीवर घराचा इतिहास हवा होता. काकांच्या डोक्यात मथळासुद्धा तयार होता: 'पेशवेकालीन सरदाराचा शिकारवाडा'.

"पुरावा?" मी विचारलं.

"तो तू शोध की," मित्र म्हणाला.

दीडशे शब्दांचं काम घेतलं आणि चार विकांत गेले. फ्रेममध्ये मावलं नाही ते सगळं इथे उतरवतोय.

आधी घराबद्दल. वाडाबिडा काही नाही, पाच खणांचं साधं शेतकऱ्याचं घर आहे. (खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर. घर केवढं आहे ते आपल्याकडे स्क्वेअर फुटात नाही, खणात सांगायचे.) काळ्या दगडाचं जोतं, पुढे ओटी, मग माजघर, बाजूला गोठा, वर माळा. आतल्या भिंती कुडाच्या. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमाती लिंपायची, झाली भिंत. सात वर्षांनी फुलणारी तीच ही कारवी, जिचे फोटो काढायला आपण कॅमेरे घेऊन घाटात जातो. खांब आणि तुळया ऐनाच्या आहेत आणि जोडकाम लाकडी खुंट्यांचं. लोखंडी खिळा शोधावा लागतो.

आर्किटेक्ट मॅडम एका रविवारी नेमक्या तिथेच होत्या. मी इंजिनिअर आहे म्हटल्यावर त्यांनी जरा संशयानं पाहिलं, पण मग उत्साहानं सगळं घर दाखवलं. जोतं, खांब, आढं जागचं हललेलं नाही. कुजलेले वासे काढून दुसरे टाकलेत. कौलं एकेक उतरवून, घासून, परत चढवली. न्हाणीघरं मुद्दाम जुन्या सांगाड्याच्या बाहेर काढली, कारण पाइप आज ना उद्या गळणारच आणि गळलेलं पाणी शंभर वर्षांच्या खांबाच्या पायाशी जायला नको. मला हे फार आवडलं. जुन्या सिस्टिमला हात न लावता नवं काम तिच्या बाहेर उभं करायचं, हा धडा शिकायला मला नोकरीतली चार वर्षं लागली होती. गोठ्याची खोली झाली आहे. त्या खोलीचं एका रात्रीचं भाडं ऐकून मी गप्प बसलो. असो.

पण सगळ्यात मोठा बदल पश्चिमेला आहे. घराचं तोंड पूर्वेला, चढाकडे. पश्चिमेची भिंत दीड हात जाडीची, दगडमातीची, आणि तिला एकही खिडकी नव्हती. धूर जायला वर एक झरोका, बस्स. आणि त्या भिंतीच्या पलीकडे काय, तर सगळा तलाव! मॅडमनी ती भिंत बारा फूट उघडली, वरचा भार लोखंडी चौकटीवर घेतला आणि तिथे काच बसवली. आता माजघरात बसलं की समोर पाणी, पाण्यापलीकडे डोंगर, आणि संध्याकाळी सूर्य थेट चहाच्या कपात. इंटरनेटवर या घराचे जेवढे फोटो आहेत ते सगळे या काचेचे.

"बांधणाऱ्यानं असल्या व्ह्यूकडे पाठ कशी काय केली?" मी विचारलं.

"पाऊस," मॅडम म्हणाल्या. "इथला पाऊस वरून येत नाही, पश्चिमेकडून आडवा येतो."

ज्यांनी जुलैत ताम्हिणी केलंय त्यांना हे सांगायला नको. २०२४ च्या जुलैमध्ये ताम्हिणीला २४ तासांत ५५६ मिलीमीटर पाऊस झाला. पुणे शहरात अख्ख्या वर्षात पडतो त्याच्या पाऊणपट. असल्या झडीत कुडाची भिंत दोन दिवस टिकायची नाही. म्हणून त्या अंगाला दगड, खिडकी नाही, आणि कौलं खाली ओढून वळचण इतकी बुटकी की माणसानं वाकूनच जावं. काच बसवायची म्हणून मॅडमना छप्पर पाच फूट पुढे काढावं लागलं, तरी पहिल्या पावसाळ्यात माजघरात पाणी आलं. "जुन्या माणसाचं बरोबर होतं," त्या हसून म्हणाल्या, "पण काच नसती तर काकांनी मला काम दिलं नसतं."

बोलता बोलता त्यांनी अँटोनिन रेमंडचं उदाहरण दिलं. हा मूळचा चेक आर्किटेक्ट, फ्रँक लॉइड राइटबरोबर टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलसाठी जपानला गेला आणि तिथेच रमला. पुदुच्चेरीच्या अरविंदाश्रमातली गोलकोंड ही इमारत त्याची. १९३९ साली त्यानं आणि त्याची बायको नोएमी हिनं अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या न्यू होप गावाजवळ क्वेकर लोकांचं एक जुनं दगडी शेतघर घेतलं आणि त्याच्या जाड भिंतींच्या आत जपानी घरासारखी सरकती तावदानं आणि मोकळ्या खोल्या बसवल्या. गोलकोंडच्या बांधकामावर त्याचा माणूस होता जॉर्ज नाकाशिमा. महायुद्धात अमेरिकेनं जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडलं त्यात नाकाशिमाही होता. १९४३ मध्ये रेमंडनं खटपट करून त्याला सोडवून आणलं ते याच शेतावर. पुढे तो न्यू होपलाच लाकूडकाम करत राहिला आणि जगप्रसिद्ध झाला. गंमत म्हणजे न्यू जर्सीला ऑनसाइट असताना मी नदी ओलांडून न्यू होपला दोनदा आइस्क्रीम खायला गेलोय. हे घर तिथे आहे याचा पत्ताही नव्हता. ज्या गावात जातो तिथलं काहीच माहीत नसणं ही माझी जुनी खोड आहे.

म्हणजे बघा, मी रोज हिंजवडीला जातो. हिंजवडी मुळशी तालुक्यात येते. सात वर्षं रोज मुळशीत जाऊन मुळशी म्हणजे काय, तर भजी, धबधबा आणि ट्रॅफिक, एवढंच मला ठाऊक.

तर पेशवेकालीन शिकारवाडा. पहिली विकेट कौलांनी काढली. कौलं मंगलोरी आहेत. बासेल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना १८६५ चा, पेशवाई संपली १८१८ ला. "छप्पर नंतर बदललं असेल," काका म्हणाले. शक्य आहे, म्हणून मी कागदांकडे वळलो.

जमिनीचे कागद कुणी वाचलेत का? सातबारा म्हणजे आजची स्थिती. खरी मजा फेरफारात, म्हणजे गाव नमुना सहामध्ये. जमीन कुणाकडून कुणाकडे गेली, वारस कोण लागले, बोजा कुणाचा चढला, याची क्रमांकासह नोंद. सरळ सांगायचं तर जमिनीचा कमिट लॉग. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ ला आला, त्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचं काही ना काही सापडतं. जुन्या नोंदी मोडीत. आमच्या सोसायटीतल्या, मोडी शिकलेल्या एका आजोबांना दोन रविवार चहा पाजला आणि नोंदी लावून घेतल्या.

त्यात सरदार नाही आणि शिकारही नाही. सगळ्यात जुन्या नोंदीत जमिनीचा मालक पुण्याचा एक सावकार आहे. घरात राहणारं आणि जमीन कसणारं कुटुंब 'कूळ' म्हणून लागलेलं. त्यांच्याकडे दोन तऱ्हेची जमीन होती. घराच्या वरच्या अंगाला वरकस, म्हणजे नाचणी-वरीचा डोंगरउतार. आणि घराच्या खाली, पश्चिमेला, भातखाचरं. पुढे खाचरांच्या गटांसमोर एकच शेरा येतो: कंपनीकडे संपादन.

मी आजोबांना म्हटलं, पश्चिमेला तर तलाव आहे. ते चष्म्यावरून बघत राहिले.

इथून पुढची गोष्ट शाळेत एका ओळीत येते, 'सेनापती बापट यांनी मुळशी सत्याग्रह केला', आणि आपण ती रिकाम्या जागा भरा म्हणून पाठ करतो. ओळीच्या मागे असं होतं. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवायचं, ते कोकणात खाली सोडायचं आणि वीज काढायची ही टाटांची योजना. खोपोलीचं केंद्र आधीच सुरू झालं होतं. टाटा पॉवर कंपनी १९१९ ला निघाली आणि निळा-मुळा नद्यांच्या संगमाजवळ मुळशीला धरण ठरलं. इंजिनिअर म्हणून बघितलं तर कल्पना जबरदस्त आहे, ते मान्य करायलाच हवं. मुळा नदी पूर्वेला वाहते, पुण्यातून भीमेला, भीमेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जाते. तिचं पाणी उलटं फिरवून बोगद्यानं पश्चिमेला, घाटाखाली भिऱ्याला टाकायचं. मधली उंची सुमारे पाचशे मीटर. वीज काढल्यावर तेच पाणी कुंडलिकेत जातं. कोलाडला आपण राफ्टिंग करतो ना, ते भिऱ्याहून सकाळी सोडलेल्या पाण्यावर. म्हणजे मे महिन्यात बोटीत बसून आपण जे अंगावर घेतो ते मुळेचं पाणी. टीम आउटिंगला मी हे सांगितलं तर सगळे म्हणाले, "हेल्मेट घाल."

पण पाणी साठणार होतं ते काही ओसाड दरीत नाही. ती मावळची सगळ्यात चांगली भातजमीन होती, आंबेमोहर पिकवणारी. पन्नासहून जास्त गावं आणि अकरा हजारांच्या आसपास माणसं. जमीन रीतसर ताब्यात येण्याआधीच कंपनीची माणसं शेतांत चर खणू लागली आणि त्यातून असंतोष पेटला. विनायकराव भुस्कुटे गावोगाव फिरले. न. चिं. केळकर, शिवरामपंत परांजपे असे पुण्याचे पुढारी पाठीशी उभे राहिले. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. हजाराहून जास्त लोक धरणाच्या जागेवर चालून गेले आणि बसले. बायका, पोरं, म्हातारे. काम थांबलं. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. गांधीजींनी 'यंग इंडिया'त सत्याग्रहींच्या बाजूनं लिहिलं आणि टाटांनी फेरविचार करावा असं सुचवलं. धरणाविरुद्धचं एवढं संघटित आंदोलन त्याआधी जगात कुठे झालं नाही, असं या विषयाचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांचं म्हणणं. त्यांच्या २००९ च्या इंग्रजी पुस्तकाचं नावच तसं आहे. नर्मदेच्या सहा दशकं आधी, आणि आपल्या ऑफिसच्या तालुक्यात.

थोडा काळ काम थांबलं खरं, पण कंपनीनं आणि सरकारनं माघार घेतली नाही. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली नुकसानभरपाई देऊन जमीन घ्यायची ठरली, आणि इथे मला त्या फेरफाराचा अर्थ लागला. भरपाई कुणाला मिळणार? मालकाला. मालक कोण? कागदावर पाहिलं तर खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या किंवा गहाण पडलेल्या होत्या. व्होरांनी हे फार बारकाईनं मांडलंय. सावकाराच्या दृष्टीनं मावळातली जमीन म्हणजे वर्षाकाठी थोडं भात आणि वसुलीची कटकट. त्याच्या बदल्यात कंपनी रोख देत असेल तर तो 'जान किंवा जमीन' कशाला म्हणेल? जान त्याची नव्हतीच. आधी सगळे एकत्र होते, भरपाईचं बोलणं निघालं तशी फूट पडली. जमीनवाले बाजूला झाले आणि कसणारे मावळे, भुस्कुटे, बापट आणि त्यांचे साथीदार मागे उरले. अटका झाल्या, बायकासुद्धा तुरुंगात गेल्या.

बापटांचं एक मला कुणी शाळेत सांगितलं नव्हतं. पांडुरंग महादेव बापट, पारनेरचे. शिष्यवृत्ती मिळवून १९०४ साली एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेले होते! तिथे ब्रिटिश राज्याविरुद्ध भाषण केलं आणि शिष्यवृत्ती गेली. मग बाँब बनवण्याची विद्या शिकायला पॅरिसला गेले. म्हणजे मुळशीच्या धरणाला भिडणारा माणूस 'यंत्र नको' म्हणणारा नव्हता, यंत्र कसं चालतं ते शिकायला गेलेला होता. 'सेनापती' हे नाव त्यांना मुळशीमुळे मिळालं. सगळे मार्ग संपल्यावर १९२४ च्या डिसेंबरात त्यांनी रुळांवर दगड रचून धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली. हातात हत्यार होतं, त्यामुळे तो सत्याग्रह राहिला नव्हता हे त्यांनाही कळत होतं. सात वर्षांची शिक्षा झाली. आंदोलन तिथेच संपलं. १९२७ ला भिऱ्याची वीज सुरू झाली.

आपण पुण्यातून मुळशीला निघतो तेव्हा बऱ्याचदा सेनापती बापट रस्त्यावरून पौड रस्त्याला लागतो. मीही लागलो, चारही विकांत.

आता परत घराकडे. पाणी चढलं ते खाचरं गिळून घराच्या खाली थोड्या अंतरावर थांबलं. घर वाचलं, कारण ते उंचावर होतं. भरपाईच्या नोंदीत या कुटुंबाचं नाव नाही, असायचं कारणही नव्हतं. ते कूळ होते. वरकस जमिनीवर नाचणी लावत राहिले.

फेरफारात पुढची महत्त्वाची नोंद कुळकायद्याची. १९४८ चा कायदा आणि त्यातली पुढची दुरुस्ती यांनी १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवला: त्या दिवशी जो जमीन कसतो तो मालक मानायचा. महाराष्ट्राच्या इतिहासात एवढा मोठा बदल करणारी तारीख कमीच असेल, आणि आपल्यापैकी किती जणांना ती माहीत असते? या कुटुंबाचं नाव त्या कायद्यानंच मालकाच्या रकान्यात आलं. पण कशावर? जी जमीन तेव्हा कसत होते तिच्यावर. डोंगरउतारावर. ज्या खाचरांवर त्यांच्या पिढ्या राबल्या होत्या ती पाण्याखाली जाऊन तीस वर्षं झाली होती, आणि पाणी कुणी कसत नाही. धरण तीस वर्षांनी उशिरा आलं असतं तर? किंवा कुळकायदा तीस वर्षं लवकर? मी मोडीवाल्या आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "जर-तरचं तुमच्या कॉम्प्युटरला विचार."

मग २००६ ची नोंद, खरेदीखत, काकांचं नाव. काकांचे वडील शेतकरी, त्यामुळे काका शेतकरी. कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आमच्या ऑफिसातली निम्मी मंडळी त्यासाठी आजोबांचा सातबारा शोधत असतात. कुळाच्या हातात जमीन राहावी म्हणून केलेला कायदा, त्याचा आज सगळ्यात जास्त अभ्यास फार्महाउस घेणारे करतात. त्यात काकांना दोष द्यायचा नाही. त्यांनी बाजारभावानं, रीतसर, घासाघीस न करता जमीन घेतली. त्या काळात हिंजवडी वाढत होती, तालुक्यात जमिनीला पंख फुटले होते. विकणाऱ्यांचं पुढे काय झालं ते २०१८ च्या 'मुळशी पॅटर्न' सिनेमात रंगवून दाखवलंय. सगळ्यांच्याच हाती कोयता आला असं नाही म्हणा. काहींच्या हाती शेजारच्याच फाटकाची किल्ली आली.

म्हणजे मामा. घराची देखभाल करणारे मामा त्याच कुटुंबातले. साठीच्या पुढचे, याच घरात जन्मलेले. मला हे तिसऱ्या विकांताला कळलं, तेही फेरफारातलं आडनाव आणि त्यांचं आडनाव एकच निघालं म्हणून. तोवर मी त्यांना फक्त चहा मागत होतो. लाज वाटली.

"मामा, तुम्ही सांगितलं नाहीत ते?"

"तुम्ही इचारलं न्हाई," ते म्हणाले. त्यात राग नव्हता.

मग त्यांनी घर दाखवलं, आणि ते मॅडमनी दाखवलेल्या घरापेक्षा वेगळं होतं. ही बळदाची जागा, भात साठवायची. दहा-बारा खंडी मावेल एवढी. पण मामांनी ती भरलेली कधी पाहिली नाही, त्यांच्या बापानंही क्वचितच. बळद मोठी कारण ती खालच्या खाचरांच्या हिशेबानं बांधलेली. खाचरं गेली, बळद उरली. मॅडमनी तिची वाइन ठेवायची जागा केलीय. पडवीतलं मोठं उखळ, तेही तसंच. माणसांच्या मानानं गोठा मोठा, कारण चिखलणीला चार बैल लागायचे. एवढं सगळं नीट ऐकल्यावर मला कळलं की हे घर म्हणजे एका हरवलेल्या शेताचं माप आहे. दरवाजाची रुंदीसुद्धा भाताचा भारा डोक्यावर घेऊन आत येता येईल एवढी. आणि मी इतके दिवस कौलांवरचे शिक्के वाचत बसलो होतो.

आम्ही काचेपाशी उभे होतो.

"हितं भित होती ती बरी का आताचं बरं?" मी विचारलं.

मामांनी विचार केला. "पावसाला भितच बरी. पर आज्जी म्हनायची, भित हाये ते ब्येस हाये. तिला पानी बगवत नव्हतं."

आज्जी नवीन लग्न होऊन आली तेव्हा खाली खाचरं होती, तिनं त्यांत लावणी केली होती. मामांना तिच्याकडून खाचरांची नावं पाठ आहेत. उंबराचं, वावशी, देवाचं, लांबडं, थोरलं. बोटानं पाण्यावर दाखवत होते, हे उंबराचं, त्याच्या पल्याड थोरलं. उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की एखादा बांध अजून वर येतो म्हणाले.

फ्रेमसाठी मी दीडशे शब्द लिहिले. घर शेतकऱ्याचं, कूळ म्हणून कसणाऱ्यांचं. धरण, सत्याग्रह, १९५७, खाचरांची नावं. काकांनी वाचलं आणि बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सगळं खरं आहे, ते ठीक. पण लोक इथे दोन दिवस आराम करायला येतात रे."

मित्र मध्ये पडला. मॅडमचं मत विचारलं, त्या माझ्या बाजूनं निघाल्या. घासाघीस झाली. जमिनीत न झालेली घासाघीस शब्दांत झाली. शिकारवाडा गेला, हे मी मिळवलं. सावकार, भरपाई आणि १९५७ गेलं, हे काकांनी मिळवलं. सत्याग्रह एका वाक्यात राहिला. खाचरांच्या नावांवर काका अडले होते, पण शेवटी म्हणाले, "राहू दे, नावं छान आहेत." फ्रेम ओटीवर नाही, काचेशेजारी लावायची ठरली, म्हणजे वाचून माणूस पाण्याकडे बघेल.

छापायला टाकण्याआधी मी मजकूर मामांना वाचून दाखवला. त्यांनी सगळा ऐकून घेतला आणि एकच दुरुस्ती सांगितली. मी 'लांबडं' आणि 'देवाचं' यांचा क्रम उलटा लिहिला होता. घराकडून खाली जाताना आधी देवाचं लागतं.